भारत डायनॅमिक्स आणि तिची क्षेपणास्त्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाली की त्याची चित्रफीत घरोघरी पोहोचते. चाचणीत उडालेल्या त्या एका क्षेपणास्त्रासारखी पुढची हजार कोण बनवतो आणि हजारावे पहिल्याइतकेच बिनचूक निघेल याची जबाबदारी कोणावर असते, हे प्रश्न मात्र मागे राहतात. आपल्या देशात हे काम मुख्यतः हैदराबादच्या भारत डायनॅमिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. विद्यार्थी, नोकरीच्या शोधातले तरुण, गुंतवणूकदार आणि कुतूहल म्हणून वाचणारे असे सगळेच जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

भारत डायनॅमिक्स ही कंपनी नेमकी कोणाची आहे?

ती केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सार्वजनिक उपक्रम आहे. १६ जुलै १९७० रोजी हैदराबाद येथे तिची स्थापना झाली आणि आयुध निर्माणी कारखाने, संरक्षण संशोधन आणि विकास संस्था व विमान उद्योग यांतून निवडलेले अभियंते एकत्र आणून तिच्या कामाला सुरुवात झाली. हैदराबाद शहरातील कंचनबाग, संगारेड्डी जिल्ह्यातील भानूर आणि आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम ही तिची उत्पादन केंद्रे आहेत. हैदराबादजवळच्या इब्राहिमपट्टणम येथेही तिने विस्तार केला आहे.

महाराष्ट्रातील वाचक पुष्कळदा या कंपनीची गल्लत आयुध निर्माणींशी करतात, आणि खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी ही नावे कानावरची असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या निर्माणींचा कारभार वेगळा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. भारत डायनॅमिक्स मात्र पहिल्या दिवसापासून कंपनी म्हणूनच नोंदलेली आहे.

मग डीआरडीओ काय करते? क्षेपणास्त्रे तीच बनवते ना?

डीआरडीओ म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संस्था. क्षेपणास्त्राची कल्पना, आराखडा, पहिले नमुने आणि विकासाच्या चाचण्या हे तिच्या प्रयोगशाळांचे काम. हैदराबादची संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळा आणि रिसर्च सेंटर इमारत ही त्यांतली दोन महत्त्वाची नावे. आराखडा पक्का झाला की तो कारखान्याकडे सोपवला जातो आणि तेथे भारत डायनॅमिक्सचे काम सुरू होते. रडार आणि दळणवळणाची यंत्रणा बहुधा बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही दुसरी सरकारी कंपनी पुरवते. कोणत्या प्रणालीत मुख्य कंत्राटदार कोण, हे करारागणिक बदलते. ‘आकाश’ प्रणाली हवाई दलासाठी जुळवून देण्याची मुख्य जबाबदारी भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे होती, तर भूदलासाठी ती भारत डायनॅमिक्सकडे. या दोन करारांच्या बातम्यांत नावे वेगळी दिसल्यामुळे एकीचे काम दुसरीने पळवले, असा अर्थ काढू नये.

अग्निबाण आणि मार्गदर्शित क्षेपणास्त्र यांत फरक काय?

अग्निबाण सुटल्यावर त्याला वाट बदलता येत नाही. सोडताना जी दिशा आणि जो कोन दिला, त्यावर त्याचे पडणे ठरते. मार्गदर्शित क्षेपणास्त्राची वाट मात्र उड्डाणात दुरुस्त होत राहते, आणि ही दुरुस्ती बाहेरून मिळालेल्या आज्ञेनुसार होते किंवा क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसवलेल्या शोधकाच्या आधाराने. जुन्या भाषेत हातात धरून वापरायचे ते शस्त्र आणि फेकून मारायचे ते अस्त्र, असा भेद होता. क्षेपणास्त्र हा शब्द त्या भेदात बसतो, पण ‘मार्गदर्शित’ या विशेषणातच या सगळ्या उद्योगाची किंमत आणि कठीणपणा सामावलेला आहे.

कंपनीची सुरुवात परदेशी क्षेपणास्त्रांपासून का झाली?

कारण १९७० साली क्षेपणास्त्र बनवण्याचा कारखानदारी अनुभव देशात कोणाकडेच नव्हता. पहिले उत्पादन होते एसएस-११बी१ हे फ्रेंच परवान्यावर बनवलेले पहिल्या पिढीचे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. त्यात नेमबाजाला उडणारे क्षेपणास्त्र आणि रणगाडा या दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवून हातातल्या दांडीने दिशा द्यावी लागे. त्यानंतर १९८० च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून विकसित केलेले ‘मिलन’ आले, आणि पुढे रशियन परवान्यावरचे ‘कोंकुर्स’ व रणगाड्याच्या तोफेतून डागायचे ‘इन्व्हार’.

‘मिलन’ हे नाव आपल्याकडचेच असावे असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांपासून बनले आहे आणि फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थ घार असा होतो.

परवान्यावर उत्पादन करण्याला नुसती नक्कल म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. आराखडा हाती आला तरी धातूची जात, यंत्रावर काम करताना ठेवायची सूक्ष्म मापे, जुळणीचा क्रम, कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे, हे सगळे हाताने करूनच अंगवळणी पडते. १९८३ साली एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, तेव्हा ही शिस्त अंगी मुरलेला एक कारखाना देशात उभा होता. पृथ्वी, आकाश, त्रिशूळ, नाग आणि अग्नी ही त्या कार्यक्रमातील पाच नावे, आणि उत्पादनासाठी प्रमुख कंपनी म्हणून भारत डायनॅमिक्सची निवड झाली. पृथ्वीची पहिली चाचणी १९८८ साली झाली आणि अग्नीची १९८९ साली.

क्षेपणास्त्राला तार जोडलेली असते, हे खरे आहे का?

काही प्रकारांत अगदी खरे आहे, आणि यावर जरा थांबायला हवे, कारण कारखान्यातले काम कशाला म्हणतात ते येथे सर्वांत चांगले कळते.

मिलन किंवा कोंकुर्स डागणारा जवान दुर्बिणीतून रणगाड्याकडे पाहत असतो. त्याने एवढेच करायचे असते, की दुर्बिणीतली अधिकची खूण रणगाड्यावरून हलू द्यायची नाही. क्षेपणास्त्राच्या शेपटीकडून येणारे अवरक्त किरण प्रक्षेपकावरचे उपकरण टिपते, क्षेपणास्त्र दृष्टिरेषेपासून किती भरकटले ते मोजते आणि दुरुस्तीची आज्ञा तारेतून पाठवते. ती तार क्षेपणास्त्रातल्या रिळावर गुंडाळलेली असते आणि ते पुढे जाईल तसतशी मागे सुटत जाते.

क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर असतो, म्हणजे तारही त्याच वेगाने सुटायला हवी. कोंकुर्स-एमचा कमाल पल्ला चार किलोमीटर आहे आणि तेवढे अंतर कापायला त्याला सुमारे वीस सेकंद लागतात. या वीस सेकंदांत चार किलोमीटर बारीक तार एकाही ठिकाणी न अडकता, पीळ न पडता आणि न तुटता उलगडली पाहिजे. रिळाच्या एखाद्या फेऱ्यात ताण कमीजास्त झाला किंवा एक वेढा दुसऱ्याखाली सरकला, तर क्षेपणास्त्र आंधळे होते आणि ते डागणारा जवान शत्रूच्या रणगाड्यासमोर उघडा पडतो. स्फोटकाच्या सामर्थ्याबद्दल सगळे बोलतात. मला मात्र त्या रिळावर एकसारख्या ताणाने तार गुंडाळली जाते आहे ना, हे पाहणाऱ्या कामगाराचे महत्त्व त्याहून कमी वाटत नाही.

ही तंत्रे जुनी असताना सेना अजून ती का विकत घेते?

मार्च २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत डायनॅमिक्सशी ४,९६० मिलन-२टी क्षेपणास्त्रांचा सुमारे १,१८८ कोटी रुपयांचा करार केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कोंकुर्स-एमसाठी सुमारे ३,१३१ कोटी रुपयांचा. यामागे व्यवहाराची कारणे आहेत. प्रक्षेपक आधीच सैन्याकडे आहेत, जवानांना त्यांचा सराव आहे, आणि तारेतून जाणारी आज्ञा रेडिओ लहरींसारखी जॅम करता येत नाही. शिवाय स्फोटकशीर्षात सुधारणा झाली आहे. मिलन-२टी मध्ये एकामागे एक असे दोन स्फोटकभार असतात. रणगाड्याच्या चिलखतावर बाहेरून लावलेल्या स्फोटक विटा पहिला भार उडवतो आणि मुख्य चिलखत दुसरा भेदतो.

तरीही उणीव आहे ती आहेच : क्षेपणास्त्र पोहोचेपर्यंत नेमबाजाला जागा सोडता येत नाही. ‘नाग’ मालिकेतील क्षेपणास्त्रे तिसऱ्या पिढीची आहेत आणि त्यांच्यात उष्णतेची प्रतिमा ओळखणारा शोधक असल्यामुळे लक्ष्य एकदा पक्के केले की नेमबाज मोकळा होतो. जुन्याकडून नव्याकडे जाण्याचा हा वेग वाढायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. जवानाला वीस सेकंद उघड्यावर ठेवणारे तंत्र केवळ हाताशी आहे म्हणून आणखी एक पिढी चालवू नये.

‘आकाश’ची एवढी चर्चा का होते?

आकाश हे जमिनीवरून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र आहे. त्याचे वजन सुमारे ७२० किलो आणि पल्ला साधारण २५ किलोमीटर आहे. शत्रूची विमाने, हेलिकॉप्टर, ड्रोन यांपासून तळ आणि फौजा यांचे रक्षण करणे हे त्याचे काम. ते भूदलात आणि हवाई दलात २०१५ साली दाखल झाले, आणि मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सरकारने स्वदेशी हवाई संरक्षण प्रणालींचा उल्लेख करताना आकाशचे नाव घेतले.

त्याचे वेगळेपण इंजिनात आहे. बहुतेक लहान क्षेपणास्त्रांचे इंधन काही सेकंदांत संपते आणि पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर होतो. साहजिकच शेवटी वेग मंदावतो आणि वळण घेण्याची ताकद उरत नाही. आकाशमध्ये पहिला धक्का घन इंधनाचा असतो आणि पुरेसा वेग आला की अंगावरच्या चार नळ्यांतून हवा आत शिरते व रॅमजेट इंजिन चालू होते. प्राणवायू बाहेरच्या हवेतून मिळाल्यामुळे तो सोबत वाहून न्यावा लागत नाही आणि लक्ष्याजवळ पोहोचेपर्यंत रेटा टिकून राहतो. त्याला वाट दाखवण्याचे काम ‘राजेंद्र’ हे जमिनीवरचे रडार करते. पुढच्या ‘आकाश प्राइम’ या आवृत्तीत क्षेपणास्त्रातच रेडिओ लहरींवर चालणारा शोधक बसवला असून, १६ जुलै २०२५ रोजी लडाखमध्ये १५,००० फुटांहून अधिक उंचीवर त्याने दोन वेगवान मानवरहित लक्ष्ये पाडली. त्या दिवशी भारत डायनॅमिक्सच्या स्थापनेला बरोबर ५५ वर्षे पूर्ण झाली होती.

हवाई दल आणि नौदल यांच्यासाठी आणखी कोणती उत्पादने आहेत?

‘अस्त्र’ हे विमानातून विमानावर डागायचे, नजरेच्या टप्प्यापलीकडे मारा करणारे क्षेपणास्त्र. त्याच्या पहिल्या आवृत्तीसाठी ३१ मे २०२२ रोजी २,९७१ कोटी रुपयांचा करार झाला. याआधी या वर्गातील क्षेपणास्त्रे आपल्याला परदेशातूनच आणावी लागत, म्हणून या कराराला केवळ रकमेपेक्षा अधिक अर्थ आहे. हवेतील लक्ष्यांवर मारा करणारे मध्यम पल्ल्याचे एमआरसॅम हे डीआरडीओ आणि इस्रायल एअरोस्पेस इंडस्ट्रीज यांनी मिळून विकसित केले असून त्याचा पल्ला सुमारे ७० किलोमीटर आहे. जानेवारी २०२५ मध्ये नौदलासाठी त्याचा सुमारे २,९६० कोटी रुपयांचा करार भारत डायनॅमिक्सशी झाला.

पाण्याखालच्या शस्त्रांत ‘वरुणास्त्र’ हा दीड टनाच्या आसपास वजनाचा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, महत्त्वाचा आहे. तो विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान आणि तंत्रज्ञान प्रयोगशाळेने घडवला आणि जून २०१९ मध्ये त्याच्या उत्पादनाचा १,१८७ कोटी रुपयांचा करार झाला. याशिवाय विमानांना शत्रूच्या क्षेपणास्त्रांपासून वाचवण्यासाठी फसवे कण आणि जळते गोळे सोडणारी उपकरणेही ही कंपनी बनवते.

ब्रह्मोस ह्याच कंपनीचे आहे का?

नाही. ब्रह्मोस एअरोस्पेस हा डीआरडीओ आणि रशियाची एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया यांचा १९९८ साली उभा राहिलेला स्वतंत्र संयुक्त उपक्रम आहे.

चाचणी यशस्वी झाल्यावरही क्षेपणास्त्र सैन्यात यायला वर्षे का लागतात?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि चिडण्यात तथ्यही आहे. आकाश हे १९८३ च्या कार्यक्रमातले आणि सैन्यात दाखल झाले २०१५ साली. यात विकासाच्या अडचणी होत्या, मागण्या बदलल्या, परदेशांकडून तंत्रज्ञान नाकारले गेले, निर्णयही रेंगाळले. परंतु विलंबाचा एक भाग असा आहे की तो समजून घ्यायला हवा.

प्रयोगशाळेत बनलेला नमुना उत्तम तज्ज्ञांच्या नजरेखाली, एकेक भाग निवडून, वेळप्रसंगी घासूनपुसून जुळवलेला असतो. कारखान्यात तसे चालत नाही. तेथे एका पुरवठादाराकडचा कोणताही कप्पा दुसऱ्याकडच्या कोणत्याही कप्प्यात जसाच्या तसा बसला पाहिजे, आणि कामावर आज कोण आहे यावर क्षेपणास्त्राचा दर्जा ठरता कामा नये. त्यासाठी आराखडे बदलावे लागतात, साचे आणि पकडी बनवाव्या लागतात, पुरवठादार घडवावे लागतात. मग भाग थरथराटात, कडक उन्हाच्या तापमानात, गोठणाऱ्या थंडीत, दमट हवेत ठेवून तपासले जातात. राजस्थानात चाललेली वस्तू लडाखमध्ये आणि समुद्रावरही चालली पाहिजे. तयार मालाच्या प्रत्येक तुकडीतून काही नग निवडून प्रत्यक्ष डागले जातात आणि ते अपयशी ठरले तर सगळी तुकडी थांबते. या तपासणीसाठी सरकारची स्वतंत्र गुणवत्ता यंत्रणा कारखान्यात असते आणि तिची सही झाल्याशिवाय माल बाहेर पडत नाही.

निर्णय रेंगाळल्याचा विलंब अक्षम्य आहे, तपासणीला लागणारा वेळ मात्र वाया गेलेला नसतो. या दोहोंना एकाच मापाने मोजले की चुकीच्या ठिकाणी घाई होते.

ही क्षेपणास्त्रे कितपत स्वदेशी आहेत?

प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. मार्च २०२३ मध्ये भूदलाच्या दोन रेजिमेंटसाठी सुधारित आकाशचा ८,१६० कोटी रुपयांहून अधिक किमतीचा करार झाला, तेव्हा संरक्षण मंत्रालयाने स्वदेशी वाटा ८२ टक्के असल्याचे आणि २०२६-२७ पर्यंत तो ९३ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट असल्याचे सांगितले. परवान्यावरील किंवा संयुक्त उत्पादनांत परदेशी भाग अधिक असू शकतात. टक्केवारीपेक्षा मी एक गोष्ट पाहायला सांगेन : शोधक कुठे बनतो? नळकांडे, पंख, इंधन आपण केव्हाच बनवू लागलो, पण लक्ष्य ओळखणारा हा डोळा आणि त्यातली इलेक्ट्रॉनिक चिप बाहेरून येत असेल तर ऐन युद्धात कोणीतरी तिचा पुरवठा रोखू शकतो.

महाराष्ट्राचा या कामाशी काही संबंध आहे का?

मोठा आहे. पुण्याच्या सुतारवाडी भागातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा घन इंधने आणि स्फोटके यांवर काम करते. आकाशचा फिरता प्रक्षेपक दिघी येथील अभियांत्रिकी संशोधन व विकास आस्थापनेने घडवला, आणि असे प्रक्षेपक बनवण्याचे काम टाटा व लार्सन अँड टुब्रो यांसारख्या खासगी उद्योगांना मिळाले. म्हणजे हैदराबादचे क्षेपणास्त्र ज्यावरून झेप घेते ती चौकट पुण्यात रेखाटलेली आहे.

खुद्द भारत डायनॅमिक्सचा कारखाना अमरावती येथे उभारण्याची योजना मात्र खूप जुनी असून अतिशय कमी पल्ल्याच्या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांसाठी ती आखली गेली होती. विदर्भातील तरुणांना त्याबद्दल आस्था आणि नाराजी दोन्ही आहे. कोणते क्षेपणास्त्र घ्यायचे हेच दिल्लीत वर्षानुवर्षे ठरले नाही, तर जमीन मिळूनही कारखान्याला काम मिळत नाही. अमरावतीकरांनी प्रश्न विचारायचा तो याच मुद्द्यावर.

ही कंपनी कोणालाही क्षेपणास्त्रे विकू शकते का?

नाही. निर्यातीसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. आकाशच्या निर्यातीला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली, आणि त्याच वेळी निर्यातीची आवृत्ती आपल्या सैन्याच्या आवृत्तीपेक्षा वेगळी असेल असे सांगितले. क्षेपणास्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी काही देशांनी मिळून केलेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा भारत २०१६ साली सदस्य झाला असल्यामुळे लांब पल्ल्याच्या शस्त्रांच्या व्यवहारावर त्या नियमांचेही बंधन आहे. घेणारा देश ते कोणाविरुद्ध वापरील, हा विचार किमतीच्या आधी झाला पाहिजे. तो निर्णय सरकारचा असतो आणि त्याबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकांचा.

शेअर बाजारात तिचे समभाग मिळतात का?

होय. मार्च २०१८ मध्ये सरकारने १२.२५ टक्के हिस्सा विकला आणि २३ मार्चला नोंदणी झाली. पुढच्या विक्रीनंतर सरकारकडे ७४.९३ टक्के हिस्सा राहिला. मुख्य गिऱ्हाईक एकच, म्हणजे आपली सैन्यदले, आणि पुरवठा तुकड्यांनी होत असल्यामुळे एका तिमाहीची कमाई पाहून वर्षाचा अंदाज बांधू नये.

येथे नोकरी कशी मिळते?

अभियंत्यांसाठी व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी आणि प्रकल्प अभियंता, तर आयटीआय झालेल्यांसाठी शिकाऊ उमेदवारीच्या जागा निघतात. जाहिरात कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावी. पैसे घेऊन जागा देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या शाखांच्या मुलांनी आपण मागे आहोत असे मुळीच समजू नये. मायक्रोमीटर नीट वाचता येणारा आणि चुकलेले माप लपवून न ठेवणारा माणूस या उद्योगाला सर्वांत जास्त लागतो.

न वापरलेल्या क्षेपणास्त्राचे काय होते?

बहुतेक क्षेपणास्त्रे कोठारातच आयुष्य काढतात आणि देशाच्या दृष्टीने तेच बरे. पण तेथेही ती झिजत असतात. घन इंधनाला कालांतराने बारीक भेगा पडू शकतात, रबरी सील कडक होतात, बॅटरी उतरतात. म्हणून प्रत्येकाला आयुर्मर्यादा ठरवून दिलेली असते, हवाबंद नळकांड्यात ठेवून त्याची ठरावीक काळाने तपासणी होते, आणि मुदत संपत आली की ते कारखान्यात परत येते. जुन्या क्षेपणास्त्रांचे नूतनीकरण आणि आयुर्मान वाढवणे हे भारत डायनॅमिक्सच्या नेहमीच्या कामांपैकी एक आहे : ते उघडायचे, जुने भाग काढून नवे बसवायचे, पुन्हा सगळ्या चाचण्या घ्यायच्या आणि नव्या तारखेचा शिक्का मारून कोठारात परत पाठवायचे.